वेधशाळेचं घड्याळ आणि त्याची चाल

ऐरोलीहून तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. कोडईकनालच्या वेधशाळेत लंडनच्या जॉन शेल्टननं अठराव्या शतकात बनवलेलं लंबकाचं घड्याळ आहे, असं तुमच्या वाचनात आलं. अशी घड्याळं रोज काही सेकंद पुढे किंवा मागे जात, हेही तुम्ही वाचलंत. मग रोज चुकणाऱ्या घड्याळावर ताऱ्यांच्या जागा कशा ठरवल्या? आणि तुमच्या आजोबांचं चावीचं घड्याळ आठवड्याला चार-पाच मिनिटं इकडेतिकडे होतं, ते त्या अचूकतेच्या जवळ नेता येईल का?

ठाण्याच्या नौपाड्यात मी अडतीस वर्षं लंबकाची घड्याळं दुरुस्त करतो. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर कळायला मला त्यातली पहिली दहा वर्षं लागली, म्हणून ते सावकाश देतो.

समजा दोन घड्याळं आहेत. पहिलं रोज ४ सेकंद मागे पडतं. काल ४, आज ४, महिनाभरानंतरही ४. दुसरं आज अगदी बरोबर आहे, उद्या ३ सेकंद पुढे, परवा २ सेकंद मागे. घरात कुणालाही दुसरंच आवडेल. वेधशाळेत ते काढून टाकतील आणि पहिलं ठेवतील. पहिल्याची चूक माहीत आहे, ती वजा केली की खरी वेळ हातात येते. दुसऱ्याचं काय वजा करणार? घड्याळ या क्षणी किती चुकलेलं आहे ही त्याची चूक, आणि ही चूक दर दिवशी किती वाढते ती त्याची चाल. वेधशाळेला शून्य चूक नको असते, चाल स्थिर हवी असते. चांगल्या वेधशाळेत काट्यांना उगाच हातही लावत नसत. रोज वहीत चूक लिहायची, कालच्या आकड्याशी ताडून चाल काढायची आणि घड्याळ आपल्या वाटेनं जाऊ द्यायचं. घड्याळाच्या सगळ्या इतिहासात माणसं या एका गोष्टीमागे लागलेली दिसतात.

चूक मोजायची कशाशी? ताऱ्यांशी. दक्षिणोत्तर रेषेतच वरखाली फिरणारी दुर्बीण असते, तिला याम्योत्तर दुर्बीण म्हणतात. तिच्या दृष्टिक्षेत्रात धाग्यासारख्या बारीक उभ्या तारा ताणलेल्या असतात. ठरावीक तारा त्या रेषेवर कधी येणार हे कोष्टकात दिलेलं असतं, आणि तो आला तेव्हा घड्याळात किती वाजले होते ते नोंदायचं. एकच तारा पुन्हा त्याच रेषेवर यायला २३ तास ५६ मिनिटं ४ सेकंद लागतात, म्हणून वेधशाळेतलं मुख्य घड्याळ बहुतेक वेळा या नाक्षत्र दिवसावर लावलेलं असे. आपल्या घड्याळाच्या मानानं ते रोज ३ मिनिटं ५६ सेकंद पुढे पळतं. ते पाहून एखाद्या पाहुण्याला घड्याळ बिघडलंय असंच वाटेल.

नोंद घ्यायची पद्धत मला फार सुंदर वाटते. निरीक्षकाचा डोळा दुर्बिणीला आणि कान घड्याळाकडे. टिक-टिक मनात मोजत राहायची, एका ठोक्याला तारा तारेच्या अलीकडे किती होता आणि पुढच्याला पलीकडे किती गेला हे पाहून सेकंदाचा दहावा भाग अंदाजानं सांगायचा. म्हणून या घड्याळाचा ठोका कोरडा, स्पष्ट आणि सारख्या अंतराचा हवा. ग्रीनिचचे राजज्योतिषी मॅस्केलीन यांनी १७९६ मध्ये किन्नेब्रुक नावाच्या साहाय्यकाला कामावरून काढलं, कारण त्याच्या नोंदी मॅस्केलीन यांच्यापेक्षा सुमारे ०.८ सेकंद उशिरा येत होत्या. पुढे खगोलशास्त्रज्ञांना उमगलं, की डोळा आणि कान जुळवायला प्रत्येकाला आपापला वेळ लागतो आणि तो ज्याचा त्याचा बराचसा कायम असतो. म्हणजे माणसालाही चाल असते! किन्नेब्रुकची चूक वजा करता आली असती. त्या बिचाऱ्याची नोकरी गेली याचं मला अजून वाईट वाटतं.

तारे रोज दिसत असते, तर मध्यम प्रतीचं घड्याळही चाललं असतं. रोज रात्री दुरुस्ती करता आली असती. पण आपल्याकडचा पाऊस आठवा. कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीनं उभारली, १८२६ मध्ये ती पूर्ण झाली. वेळ राखणं आणि आकाशाचे वेध घेणं हे तिचं मूळ काम. जून ते सप्टेंबर मुंबईच्या आकाशात तारा सापडणं किती कठीण, हे ठाण्यातल्या कुणाला सांगायला नको. ढग दाटले की वेळ सांभाळण्याची सगळी जबाबदारी एकट्या घड्याळावर. आठ दिवस आकाश उघडलं नाही आणि चाल अर्ध्या सेकंदानं ढळून तशीच राहिली असेल, तर वेळेत ४ सेकंदांची फट पडते. बंदरातली जहाजं तिथल्या वेळेवर आपली क्रोनोमीटरं, म्हणजे जहाजावरची अचूक घड्याळं, लावून निघायची. विषुववृत्ताजवळ ४ सेकंदांची चूक म्हणजे समुद्रावर जहाजाच्या जागेत सुमारे १.८५ किलोमीटरची चूक. घड्याळाची खरी परीक्षा ढगांच्या दिवसांत होत असे. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर यांच्याकडे काही काळ याच वेधशाळेची जबाबदारी होती आणि केरूनाना छत्रे तरुणपणी इथेच कामाला होते. कुलाब्याचा विषय निघाला की मला आधी ही दोन नावं आठवतात.

आता चाल ढळते कशानं? लंबकाच्या झोक्याचा काळ मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतो, त्याची लांबी आणि त्या जागेचं गुरुत्वाकर्षण. एका झोक्याला एक सेकंद घेणारा लंबक साधारण ९९ सेंटिमीटरचा. त्याची लांबी १ मिलिमीटरनं बदलली, तर दिवसाला सुमारे ४३ सेकंदांचा फरक पडतो. पोलादी दांडी १ अंश तापली की घड्याळ रोज अर्धा सेकंद मागे पडायला लागतं. जानेवारीतली ठाण्याची पहाट आणि मे महिन्यातली दुपार यांत २० अंशांचा फरक धरला, तर १० सेकंद झाले. पितळी दांडीला हेच जास्त. लाकडी दांडी उष्णतेला चांगली, पण पावसाळ्यात ओल शोषून फुगते.

हायगेन्सनं १६५६ मध्ये लंबक घड्याळाला जोडला आणि दिवसाला पंधरा मिनिटं चुकणारी घड्याळं एकदम काही सेकंदांवर आली. ग्रीनिचला १६७६ मध्ये टॉम्पियन या घड्याळजीनं दोन घड्याळं बसवली. १३ फुटी लंबक, दोन सेकंदांचा झोका, वर्षातून एकदा चावी. तिथले पहिले राजज्योतिषी फ्लॅमस्टीड यांना त्यांवरून पाहायचं होतं, की पृथ्वी तरी सारख्या गतीनं फिरते का. यंत्रानं पृथ्वीची परीक्षा घ्यायची ही कल्पना तेव्हाची!

उष्णतेवर इलाज काढला लंडनच्या जॉर्ज ग्रॅहम या घड्याळजीनं. त्यानं १७२१ मध्ये दांडीखाली गोळ्याऐवजी पाऱ्याची बरणी टांगली. दांडी तापून खाली लांबते, पारा फुगून वर चढतो आणि वजनाचा मध्य जागच्या जागी राहतो. जॉन हॅरिसननं दुसरी वाट घेतली. पोलाद आणि पितळ यांच्या नऊ दांड्यांची जाळी त्यानं अशी बांधली, की एकाचं लांबणं दुसरी खाऊन टाकते. ग्रॅहमनंच आणखी एक गोष्ट दिली, तिच्याशिवाय वेधशाळेचं घड्याळ होऊच शकत नाही. लंबकाबरोबर डुलत चाकाचा एकेक दाता सोडणारा नांगराच्या आकाराचा तुकडा असतो, तो अँकर; त्याची टोकं म्हणजे पॅलेट. साध्या अँकरच्या घड्याळात सेकंदकाटा प्रत्येक ठोक्याला जरासा मागे दचकतो. घरच्या मोठ्या घड्याळात बारकाईनं पाहा, दिसेल. म्हणजे चाकं लंबकाला ढकलत असतात. ग्रॅहमच्या रचनेत चाकाचा दाता पॅलेटच्या अशा वक्रावर टेकतो, की काटा जागीच थांबतो, दचकत नाही. लंबकाला त्याच्या झोक्याच्या मधल्या टप्प्यात हलकासा धक्का मिळतो आणि बाकीचा वेळ तो जवळजवळ मोकळा असतो.

‘जवळजवळ’ हा शब्द लक्षात ठेवा, पुढची दोनशे वर्षं त्याच्याशीच भांडण चाललं.

शेल्टन हा या ग्रॅहमच्या परंपरेतला कारागीर. शुक्राचं अधिक्रमण, म्हणजे शुक्र सूर्यबिंबावरून सरकताना पाहण्यासाठी, रॉयल सोसायटीनं जगभर माणसं पाठवली, तेव्हा त्यांच्याबरोबर शेल्टनची घड्याळं गेली. कॅप्टन कुकनं १७६९ मध्ये ताहितीला नेलेलंही त्यातलंच, हॅरिसनच्या जाळीच्या लंबकाचं. तिथे मोठ्या तंबूत लाकडी चौकट जमिनीत घट्ट रोवून ते उभं केलं आणि लंबकाची लांबी ग्रीनिचला होती तेवढीच ठेवली. तुम्ही म्हणाल, तिथली वेळ दाखवायला लांबी बदलायला नको होती का? नको. लांबी तीच ठेवली, तर चालीत जो फरक पडेल तो निव्वळ गुरुत्वाकर्षणाचा. घड्याळ त्या क्षणी पृथ्वी तोलणारा तराजू होतं.

याची सुरुवात १६७२ मध्ये झाली होती. रिशे नावाचा फ्रेंच निरीक्षक दक्षिण अमेरिकेत केयेनला गेला आणि पॅरिसला बरोबर चालणारं घड्याळ तिथे रोज अडीच मिनिटं मागे पडू लागलं. पृथ्वी विषुववृत्तापाशी फुगलेली आहे, याचा तो पुरावा ठरला. तोच हिशोब आपल्या बाजूला लावून बघा. लंडनला बरोबर चालणारं सेकंदाच्या लंबकाचं घड्याळ उचलून ठाण्याला आणलं आणि काहीही बदललं नाही, तर ते रोज सुमारे ११० सेकंद मागे पडेल. ते सुधारायला गोळा अडीच मिलिमीटरच्या आसपास वर घ्यावा लागतो. जुनं विलायती घड्याळ हातात आलं आणि गोळा वर-खाली करणारा त्याच्याखालचा चाप बराच वर फिरवलेला दिसला, की मला तो लांबचा प्रवास दिसतो. मद्रासहून कोडईकनालला, म्हणजे समुद्रसपाटीवरून दोन हजार मीटरांहून वर नेलं, की गुरुत्व आणखी घटतं आणि चाल पुन्हा बदलते.

मद्रासची हकिगत अशी. कंपनीतले अधिकारी विल्यम पेट्री यांनी १७८६ मध्ये एग्मोरला स्वतःची वेधशाळा थाटली, त्यात लंबकाची दोन घड्याळं होती. ती साधनं पुढे कंपनीकडे आली आणि १७९२ मध्ये मायकेल टॉपिंग यांच्या आराखड्याप्रमाणे मद्रास वेधशाळेची इमारत उभी राहिली. तिथे याम्योत्तर दुर्बिणीसाठी ग्रॅनाइटचा जाडजूड खांब उभारला, त्यावर तमिळ आणि तेलुगूसह अनेक भाषांत मजकूर कोरला. शेल्टनचं घड्याळ या वेधशाळेचं. १८९९ च्या सुमारास वेधशाळेचं काम कोडईकनालला गेलं आणि घड्याळही डोंगरावर पोचलं.

या वेधशाळांच्या वेळेचा आपल्याशी थेट संबंध आहे. मद्रासची वेळ ग्रीनिचच्या पुढे सुमारे ५ तास २१ मिनिटं, मुंबईची ४ तास ५१ मिनिटं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेल्वे मद्रासच्या वेळेवर धावू लागली आणि शहर मुंबईच्या. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ आली, तरी मुंबईनं १९५५ पर्यंत आपली ३९ मिनिटं मागची वेळ सोडली नाही. माझे वडील लग्नाच्या मुहूर्ताला ‘रेल्वे टाइम की बॉम्बे टाइम?’ असं विचारलं जायचं ते सांगत.

दुर्बिणीला खांब कशाला आणि घड्याळाला वेगळी भिंत कशाला, हे मी चरईतल्या एका वाड्यात शिकलो. तिथे जमिनीवर उभं राहणारं, वजनांचं जुनं घड्याळ होतं. रविवारी चावी दिली की शुक्रवारी बंद. दर आठवड्याला शुक्रवारीच. घरच्या आजी त्यामुळे काळजीत पडल्या होत्या. मी ते दोनदा पूर्ण खोलून साफ केलं, सगळी चाकं तपासली, आणि दोन्ही शुक्रवारी ते पुन्हा थांबलं. तेव्हा माझ्या गुरुजींनी येऊन नुसतं पेटीच्या डोक्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, ‘हात लाव.’ पेटी ठोक्याठोक्याला किंचित हलत होती, खालची शहाबादी फरशी सैल होती. पाचव्या-सहाव्या दिवशी वजनाची दोरी लंबकाएवढी लांब होते. मग वजनच लंबकासारखं झुलायला लागतं आणि हलत्या पेटीतून खऱ्या लंबकाची ताकद चोरतं. भिंतीत एक स्क्रू मारून पेटी पक्की केली आणि काम झालं. वेधशाळेत घड्याळ जमिनीपासून सुट्या, खोल पायाच्या दगडी ओट्यावर बसवतात, ते याचसाठी.

पुढचा इतिहास त्या ‘जवळजवळ’चा. लंबक हवेला ढकलतो, म्हणून हवेचा दाब बदलला तरी चाल बदलते. मुंबईत हिवाळा आणि पावसाळा यांच्या दाबात जो फरक पडतो, तेवढ्यानं दिवसाला सेकंदाचा दहावा भाग जातो. झोका दीड अंशाचा १.६ अंश झाला, तर रोज अर्धा सेकंद मागे. तेल घट्ट झालं की झोका बदलतो. गियोमनं १८९६ मध्ये इन्व्हार हा निकेल-पोलादाचा मिश्रधातू शोधला, तो उष्णतेनं जवळपास वाढतच नाही. त्यासाठी त्याला १९२० चं नोबेल मिळालं. म्युनिकच्या रीफलरनं इन्व्हारचा लंबक वापरला आणि घड्याळ हवाबंद नळकांड्यात बसवलं. त्याची घड्याळं दिवसाला सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत पोचली.

सगळ्यात धाडसी पाऊल उचललं विल्यम शॉर्ट या रेल्वेच्या इंजिनिअरनं, १९२१ मध्ये. त्यानं लंबकाचं काम काढूनच घेतलं. एक मुख्य लंबक, तांब्याच्या नळकांड्यात, हवा बरीचशी उपसलेली. तो फक्त झुलतो. काटे फिरवणं, मोजणं, दर ३० सेकंदांनी धक्का कधी द्यायचा ते ठरवणं, हे सगळं दुसरं दुय्यम घड्याळ करतं आणि विजेच्या तारेतून येणाऱ्या इशाऱ्यानं मुख्य लंबकाशी जुळवून घेतं. पहिलं एडिंबरोच्या वेधशाळेत बसलं, १९२४ मध्ये ग्रीनिचला गेलं. वर्षाला साधारण एक सेकंद! पृथ्वीच्या अक्षाच्या डुलण्यामुळे नाक्षत्र वेळ सेकंदाच्या अंशांनी मागेपुढे होते, तोवर कुणाला त्याची पर्वा करावी लागली नव्हती. या घड्याळांमुळे तीही हिशोबात धरावी लागली. अमेरिकेच्या नौदल वेधशाळेत १९८४ मध्ये एक शॉर्ट घड्याळ पुन्हा तपासलं, तेव्हा चंद्र आणि सूर्य यांच्या ओढीनं गुरुत्वाकर्षणात पडणारा फरक त्याच्या चालीत उमटलेला सापडला. फ्लॅमस्टीडच्या प्रश्नाचं उत्तर मात्र लंबकाच्या वारसदारांनी, क्वार्ट्झच्या घड्याळांनी, १९३० च्या दशकात दिलं: पृथ्वी सारख्या गतीनं फिरत नाही.

आता तुमच्या आजोबांचं घड्याळ. त्यात स्प्रिंग आहे. चावी दिल्याच्या दिवशी तिचा जोर जास्त, सातव्या दिवशी कमी, त्याबरोबर झोका बदलणार. त्यामुळे शेल्टनची स्थिरता त्यातून येणार नाही. पण आठवड्याला अर्ध्या ते एका मिनिटापर्यंत ते आणता येईल, असं माझं मत आहे.

पहिल्यांदा घड्याळ विटांच्या भिंतीवर दोन ठिकाणी पक्कं करा, प्लायवूडच्या पार्टिशनवर ठेवू नका. मग डोळे मिटून ऐका. टिक आणि टॉक यांच्यातलं अंतर दोन्ही बाजूंनी सारखं नसेल, तर ते बीटमध्ये नाही; पेटी बोटभर डावी-उजवी करून ते सारखं करा. खोबरेल, शिलाई मशीनचं तेल, फवारा, यातलं काहीही आत घालू नका. जिथे धुरा फिरतो तिथे घड्याळाचं तेल सुईच्या टोकावर मावेल एवढंच, आणि लंबक ज्या पातळ पत्तीवर टांगलेला असतो तिला अजिबात नाही. चावी दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी द्या.

मग वही घ्या. रोज रात्री नऊला मोबाइलशी ताडून चूक लिहा आणि पंधरा दिवस काट्यांना हात लावू नका. लोकांना हे जड जातं. दुसऱ्या दिवशीच गोळ्याखालचा चाप फिरवायचा मोह होतो. तुमचा लंबक २५ सेंटिमीटरचा असेल, तर १ मिलिमीटरला दिवसाला जवळजवळ ३ मिनिटं पडतात, म्हणून चाप पाव फेराच फिरवा आणि मग पुन्हा आठवडाभर फक्त लिहा. वेधशाळेत तर लंबक थांबवतही नसत. दांडीच्या मध्यावर छोटी तबकडी असे, तिच्यावर बारीक वजनं ठेवत किंवा काढत. ५ किलोच्या गोळ्याच्या लंबकावर तिथे १ ग्रॅम ठेवला, की घड्याळ रोज सुमारे २ सेकंद पुढे जायला लागतं.

आणि एकदा मोबाइल बाजूला ठेवून ताऱ्यांशी घड्याळ ताडून पाहा. ऐरोलीत खाडीच्या बाजूला आकाश मोकळं आहे. खिडकीच्या गजाला पुठ्ठा बांधा, त्याला टाचणीचं भोक पाडा, म्हणजे डोळा रोज एकाच जागी राहील. समोरच्या इमारतीच्या उभ्या कडेआड एखादा ठळक तारा कधी जातो ते घड्याळात बघून लिहा. ग्रह घेऊ नका, तो जागा बदलतो. दुसऱ्या रात्री तोच तारा ३ मिनिटं ५६ सेकंद आधी जायला हवा. त्यात जेवढा फरक पडला तेवढी तुमच्या घड्याळाची चाल. नोव्हेंबर ते फेब्रुवारी यासाठी सगळ्यात बरे. दहा रात्रींची वही झाली की घड्याळासकट नौपाड्यात या, आकडे बघून पुढचं ठरवू.